बोलणारा पंतप्रधान आणि ऐकणारा पंतप्रधान



आम्ही चळवळीतली माणसे, घशावर जगणारी. गेटसभेत जो तासभर बोलेल तोच पुढारी, अशी आमची पुष्कळ वर्षे समजूत होती. एकदा कार्यकारिणीच्या बैठकीत आम्ही रात्री अकरापर्यंत बोललो. घरी जाताना एका सोबत्याने विचारले, "मग बोनसचं काय ठरलं?" काहीच ठरले नव्हते! तेव्हापासून ब्रिटनचे दोन पंतप्रधान, चर्चिल आणि ॲटली, यांच्याविषयी मिळेल ते वाचण्याचा आम्हांला नाद लागला.

चर्चिल यांना आपल्या स्वातंत्र्याचे किती वावडे होते, हे आपण जाणताच. तरी त्यांचे मोल कमी करता येत नाही. मे १९४० मध्ये फ्रान्स कोसळत होता. इटलीमार्फत तहाची चाचपणी करावी, असे परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स यांचे म्हणणे. पाच जणांच्या युद्धमंत्रिमंडळात वाद मिटेना. २८ मे रोजी चर्चिल यांनी बाकीच्या मंत्र्यांना बोलावले आणि लढत राहण्याचा निर्धार सांगितला. मंत्री उठून त्यांच्याभोवती गोळा झाले. तेथे जिभेनेच काम केले.

रोजच्या कारभारात मात्र तीच जीभ आड येऊ लागली. १९ जानेवारी १९४५ रोजी उपपंतप्रधान ॲटली यांनी त्यांना पत्र लिहिले. कारकुनाच्याही नजरेस पडू नये म्हणून ते स्वतःच टंकलिखित केले. तक्रार अशी की, समित्यांनी मेहनतीने तयार केलेले कागद आपण वाचून येत नाही, आणि बैठकीचा वेळ त्यापायी वाया जातो. चर्चिल भडकले, पण ॲटलींचे खरे आहे, असे त्यांच्या पत्नीनेच त्यांना सांगितले. मग दोन ओळींचे आभाराचे उत्तर गेले. (आमच्या सोबत्याला आम्ही तेवढेही दिले नव्हते.)

जुलै १९४५ मध्ये ॲटली पंतप्रधान झाले. मंत्रिमंडळात बेव्हिन, बेव्हन, मॉरिसन; एकेकाचा आवाज त्यांच्यापेक्षा मोठा. ॲटली सगळ्यांचे ऐकत आणि शेवटी दोन वाक्यांत निर्णय सांगत. १९४७ मध्ये त्यांना हटवून बेव्हिन यांना बसविण्याचा घाट घातला गेला. बेव्हिन वाहतूक कामगारांचे पुढारी, गडी जबरदस्त. त्यांनीच तो उधळून लावला. जून १९४८ च्या आत हिंदुस्थानची सत्ता सोडण्याची घोषणा २० फेब्रुवारी १९४७ ची, आणि सर्वांना मोफत वैद्यकीय सेवा सुरू झाली ५ जुलै १९४८ रोजी. हे त्याच अबोल माणसाचे राज्य.

पण एक गोष्ट आमच्या घशाखाली उतरत नाही. जून १९४८ मध्ये लंडनच्या गोदी कामगारांनी संप केला, तेव्हा याच मजूर सरकारने गोदीत लष्कर उतरविले आणि २८ तारखेला आणीबाणी पुकारली. त्याच रात्री ॲटली रेडिओवर बोलले, आणि दुसऱ्या दिवशी संपकऱ्यांनी कामावर परतायचे ठरविले. आम्ही त्या गोदीत पुढारी असतो, तर रेडिओ ऐकून आम्ही गप्प बसलो असतो की पुन्हा गेटावर उभे राहिलो असतो, याचे उत्तर आम्हांला अजून सापडलेले नाही.