प्राणवायू आणि मेंदूची विद्युत्

चंडीगढ समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटर उंचीवर वसले आहे, तर लेह ३,५०० मीटर उंचीवर. चंडीगढच्या हवाई तळावरून निघालेला जवान ही चढण साधारण तासाभरात पार करतो. लेहच्या हवेतही प्राणवायूचे प्रमाण २१ टक्केच असते. परंतु हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असल्याने प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू त्या मानाने घटतो. डोके दुखू लागते, मळमळते, झोप लागत नाही. उंचीवर नेलेल्या अशा १,९२५ जवानांच्या आजाराचा वृत्तान्त भारतीय लष्करी वैद्यकांनी १९६९ साली प्रसिद्ध केला.

मेंदूचे वजन शरीराच्या अवघे दोन टक्के; पण विश्रांतीच्या वेळी शरीर जो प्राणवायू वापरते, त्याचा पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. त्याच्यापाशी साठा जवळजवळ नसतो. ही चणचण त्याच्या विद्युत्-आलेखात उमटते. हान्स बर्गर या जर्मन वैद्याने १९२४ साली मानवी मेंदूचा असा आलेख प्रथम घेतला व १९२९ साली तो प्रसिद्ध केला. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या जाग्या माणसात सेकंदाला ८ ते १३ लहरी दिसतात. प्राणवायूची तीव्र उणीव झाली की लहरी संथ होतात आणि अखेर रेषा सपाट होते. वेळीच प्राणवायू मिळाल्यास मूळची लय परत येते.

मग निरोगी माणसाला शुद्ध प्राणवायू दिल्यास त्याचा मेंदू अधिक तल्लख होईल काय? तसे घडत नाही. त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन आधीच सुमारे ९७ टक्के भरलेले असते. शिवाय मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. मेंदूचा रक्तप्रवाह सुमारे १३ टक्क्यांनी घटतो, असे केटी व श्मिट यांना १९४८ साली आढळले. जणू मेंदू आपले दार स्वतःच किंचित लोटून घेतो. साहजिकच, सामान्य दाबाखाली आलेखातील बदल अल्पच राहतात.

दाब वाढवला की मात्र चित्र पालटते. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ साली दाखवून दिले की, दाबाखालील प्राणवायूमुळे प्राण्यांना झटके येतात. माणसालाही दाबकक्षात अपस्मारासारखा झटका येऊ शकतो, आणि त्याची पूर्वसूचना आलेखातून मिळेलच याची शाश्वती नसते.

म्हणून वैद्य प्राणवायू मात्रेने देतात. लेहमध्ये उतरलेल्या जवानाला आरंभीचे काही दिवस विश्रांती दिली जाते, ती शरीराने विरळ हवेशी जुळवून घ्यावे यासाठी. आजार बळावल्यास नळकांड्यातील प्राणवायू त्याला सावरतो; तरीही खरा उपाय म्हणजे त्याला विनाविलंब खाली आणणे हाच होय.