अम्फान, एक माठ आणि एकतीस मासे



मी कोलकात्याहून आले आहे. माहेर रायगड जिल्ह्यातलं, श्रीवर्धन तालुक्यातलं. सासर पुण्याचं. आणि गेली अनेक वर्षं घर आहे दक्षिण कोलकात्यात, तिसऱ्या मजल्यावर. मी एका कंपनीत हिशेबाचं काम करते आणि घरी मासे पाळते. खायचे नाहीत, बघायचे. कोकणात आणि बंगालमध्ये हे आधीच सांगितलेलं बरं असतं.

आज मी तुम्हाला एका रात्रीपासून सुरुवात करून सांगणार आहे. २० मे २०२०, बुधवार, रात्रीचे साधारण नऊ. घरात अंधार. बाहेर असा आवाज की कुणीतरी इमारतीच्या भिंतीला रेल्वेचं इंजिन घासून नेतंय. बाल्कनीच्या दाराला मी डायनिंग टेबल लावून ठेवलं होतं आणि टेबलावर दोन पोती तांदूळ. सासूबाई आतल्या खोलीत रामरक्षा म्हणत होत्या. माझा दहा वर्षांचा मुलगा टॉर्च धरून उभा होता. आणि मी काय करत होते? स्टीलच्या मगाने फिश टँकमधलं पाणी काढून, हात वर करून, पुन्हा त्याच टँकमध्ये ओतत होते.

मुलाने विचारलं, "आई, आपण मरणार आहोत का?" मी म्हटलं, "नाही. अजून वीस मग बाकी आहेत."

हे उत्तर मला सुचलेलं नव्हतं. ते मला दोन दिवस आधी कुणीतरी शिकवून ठेवलं होतं. ते कोण, हे सांगायलाच मी आज इथे उभी आहे.

आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मासे पाळणाऱ्या मराठी माणसांचा. पुणे, ठाणे, अकोला, नागपूर तर आहेतच, पण भुवनेश्वर, इंदूर, हैदराबाद, बडोदा इथलेही लोक आहेत. बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. नावंही नीट माहीत नाहीत. कुणी "गप्पीवाले काका", कुणी "नागपूरच्या काकू". मला सगळे "कोलकाता ताई" म्हणतात. आमच्या घरी या ग्रुपची भरपूर चेष्टा व्हायची. मिस्टर म्हणायचे, "तुमचं ते मत्स्यमंडळ काय म्हणतंय आज?" कारण आम्ही दिवसभर बोलायचो काय, तर शेवाळ का वाढलं, एंजल मासा खात का नाही, पाण्याचा वास का येतो.

आता मे २०२० आठवा. लॉकडाऊन चालू होता. मिस्टर मार्चमध्ये कामासाठी पुण्याला गेले आणि तिथेच अडकले. विमानं बंद, गाड्या बंद. घरात मी, मुलगा आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. त्यांना मधुमेह, रोज इन्सुलिन. आणि १८ मेला बातमी आली की बंगालच्या उपसागरातलं अम्फान आता महाचक्रीवादळ झालंय. १९९९च्या ओडिशाच्या वादळानंतर या उपसागरात असं वादळ झालं नव्हतं. अटलांटिकमध्ये यालाच हरिकेन म्हणतात, वायव्य पॅसिफिकमध्ये टायफून. नाव काहीही द्या, ते आपल्या दिशेने येतंय म्हटल्यावर पोटात गोळा एकच येतो.

मी ग्रुपवर लिहिलं, "आमच्याकडे वादळ येतंय. वीज गेली तर टँकचं काय करू?"

मंडळी, मला खरं तर विचारायचं होतं, "माझं काय होणार?" पण ते विचारायची लाज वाटली. माशांबद्दल विचारणं सोपं होतं.

पहिलं उत्तर आलं भुवनेश्वरच्या दादांचं. त्यांनी आदल्याच वर्षी, ३ मे २०१९ला, फनी वादळ सोसलं होतं. त्यांच्याकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. त्यांनी क्रमाने लिहून पाठवलं. आजपासून माशांना खायला देऊ नका, मोठा निरोगी मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो. खाल्लं की घाण होते, घाण झाली की अमोनिया वाढतो. उद्या थोडं पाणी बदलून टँक स्वच्छ करा. वीज गेली की पाणी मगाने उंचावरून ओता, दर तासाला पन्नास मग. पाणी पडताना हवा ओढून घेतं, तोच माशांचा ऑक्सिजन. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, म्हणून टँकचं झाकण काढून ठेवा.

मी सगळं वहीत उतरवून घेतलं. मग त्यांचा आणखी एक मेसेज आला. "ताई, घरात कोण कोण आहे?"

मी सांगितलं. आणि तिथून तो ग्रुप माशांचा राहिला नाही.

अकोल्याच्या एक ताई आहेत, निवृत्त परिचारिका. त्यांनी विचारलं, इन्सुलिन किती दिवसांचं आहे? फ्रिज बंद पडला तर? मला काहीच माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, वापरात असलेली बाटली साधारण महिनाभर फ्रिजबाहेर चालते, पण उन्हाळ्याच्या उकाड्यात नाही. न उघडलेल्या बाटल्या जपायच्या. आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा. मग एक मोठा माठ घ्या, तळाला ओली वाळू घाला, वर छोटं मडकं, त्यात घट्ट झाकणाच्या डब्यात बाटल्या. वरून ओलं फडकं. बर्फाला बाटली थेट टेकवायची नाही, गोठलेलं इन्सुलिन फुकट जातं. "आमच्या अकोल्यात जेवढा माठ गार होतो तेवढा तुमच्या दमट हवेत होणार नाही," असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. "म्हणून मोजत राहा. टँकचा थर्मामीटर आहे ना?"

होता ना! मासे पाळणाऱ्या प्रत्येकाकडे असतो. डॉक्टरांनी फोनवर होकार दिला. १९ तारखेला कुंभाराकडचा माठ कुठे मिळणार? खालच्या मजल्यावरच्या बौदींनी, म्हणजे वहिनींनी, त्यांच्या गच्चीवरच्या तुळशीची रिकामी कुंडी दिली. भोक कापडाने बुजवलं. झालं.

तिसरं काम नागपूरच्या काकूंनी केलं. त्या म्हणाल्या, वादळात नेट जाईल, ग्रुप चालणार नाही. पण साधा एसएमएस कधीमधी सुटतो. तुम्ही फक्त मला पाठवायचा. सकाळी एक, रात्री एक. चारच शब्द: माणसं, औषध, पाणी, मासे. प्रत्येकापुढे "ठीक" किंवा "नाही". बाकी सगळ्यांना मी कळवते, तुमच्या मिस्टरांनाही. तुमची बॅटरी पन्नास लोकांना उत्तरं देण्यात संपवायची नाही.

किती साधी गोष्ट आहे. पण मला विचाराल तर सगळ्यात मोठी.

वादळाबद्दल फार सांगत नाही. दुपारी अडीचच्या सुमाराला ते सुंदरबनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि संध्याकाळी आमच्याकडे पोचलं. सहाच्या सुमाराला वीज गेली. त्यानंतर चार-पाच तास जे झालं ते मगाशी सांगितलं. आम्ही मग मोजत होतो. मुलगा मोजायचा, मी ओतायची. दर तासाला पन्नास. घाबरायला मध्ये वेळ होता, पण थोडाच. भुवनेश्वरच्या दादांनी मला नंतर सांगितलं, "ताई, पन्नास मग माशांना लागतातच असं नाही. तुम्हाला लागतील हे मला माहीत होतं."

सकाळी उठून बघते तर आमची गल्ली दिसतच नव्हती. सगळीकडे पानं, फांद्या, तारा. शहरात हजारो झाडं पडली होती. कॉलेज स्ट्रीटवर पुस्तकं पाण्यात तरंगत होती. शिबपूरच्या बागेतल्या त्या प्रसिद्ध वटवृक्षाचंही नुकसान झालं होतं. आणि सुंदरबनात तर लोकांची घरंच गेली होती, शेतात खारं पाणी शिरलं होतं. हे मी मुद्दाम सांगते. आमच्या घरात जे झालं ते त्या मानाने काहीच नव्हतं. आम्ही सुखरूप होतो.

पण वीज नव्हती, म्हणून पंप नव्हता, म्हणून नळाला पाणी नव्हतं. इमारतीची जमिनीखालची टाकी भरलेली होती, पण पाणी काढायचं कसं? मग माझी टँक साफ करायची नळी बाहेर आली. पाणी वर काही तिने चढत नाही, पण वॉचमन दादा दोरीने बादली वर काढून पिंपात ओतायचे आणि पिंपातून त्या नळीने खालच्या भांड्यांमध्ये न सांडता पाणी भरायचं. बायकांची रांग लागली होती. तोंडाला मास्क, हातात हंडे. बौदींनी मला मूठभर मुडी दिली, म्हणजे आपले मुरमुरे, आणि म्हणाल्या, "तुमच्या कुंडीत माझ्या नवऱ्याचं इन्सुलिन मावेल का?" मावलं. बाहेर तेहतीस अंश होते तेव्हा कुंडीत अठ्ठावीस. अकोल्याच्या ताईंनी सांगितलं होतं तसंच, फार नाही, पण पुरेसं.

गच्चीवर टाकीच्या मागे एक कोपरा होता, तिथे एक रेघ नेटवर्क यायचं. तिथून मी काकूंना एसएमएस पाठवायची. "माणसं ठीक. औषध ठीक. पाणी ठीक. मासे ठीक." पुण्यात बसलेल्या माझ्या नवऱ्याला चार दिवस बायका-मुलाची खबर मिळत होती ती मत्स्यमंडळाकडून.

तिसऱ्या रात्री मात्र मी झोपले. ठरवून नाही. भिंतीला टेकले आणि डोळा लागला. पहाटे उठले तर आठ टेट्रा आणि एक एंजल पाण्यावर तरंगत होते. एकतीसमधले नऊ गेले. मुलगा काही बोलला नाही. मला मात्र रडू फुटलं, आणि रडताना स्वतःचाच राग आला. लोकांची घरं गेली आणि मी माशांसाठी रडतेय? त्या सकाळी एसएमएसमध्ये मी लिहिलं, "माणसं ठीक. औषध ठीक. पाणी ठीक. मासे नाही."

दोन तासांनी उत्तर सुटलं. काकूंनी लिहिलं होतं, "माणसं ठीक नाहीत. आज रात्री झोपा. बावीस मासे आमचे."

काकूंनी ते कसं ओळखलं मला माहीत नाही. पण त्या रात्री बौदींचा कॉलेजातला मुलगा आमच्या घरी येऊन मग ओतत बसला. मी आठ तास झोपले.

वीज रविवारी संध्याकाळी आली. सगळ्या इमारतीत आरडाओरडा, शंख वाजले. माझा हात फिल्टरच्या बटणाकडे गेला आणि मी थांबले. कारण वहीत शेवटची ओळ लाल शाईत होती: "वीज आली की फिल्टर लगेच चालू करू नका." फिल्टरमध्ये जे जिवाणू पाणी शुद्ध करतात, ते चार दिवस वाहतं पाणी नसल्यामुळे मेलेले असतात. आतलं पाणी सडलेलं असतं. बटण दाबलं की ते सगळं एकदम टँकमध्ये येतं. भुवनेश्वरच्या दादांचे मासे वादळात मेले नव्हते. वीज आल्याच्या आनंदात मेले होते. मी फिल्टर उघडला, पाणी फेकलं, स्पंज टँकच्याच पाण्यात खळबळला, मग लावला. बावीसच्या बावीस वाचले.

गोष्ट इथे संपली असती तर मी आज आले नसते.

अम्फाननंतर बरोबर चौदा दिवसांनी, ३ जूनला, निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. माझ्या माहेरावर. भावाच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. तिकडे काही गावांना महिनाभर वीज नव्हती. आमच्या ग्रुपमध्ये श्रीवर्धनचा एक मुलगा आहे, सिमेंटच्या टाक्यांमध्ये गप्पी वाढवून विकतो, त्यावर घर चालतं. आदल्या दिवशी त्याने लिहिलं, "वादळ येतंय. टाक्यांचं काय करू?"

मी वही उघडली. सगळं क्रमाने लिहून पाठवलं. आणि मग विचारलं, "दादा, घरात कोण कोण आहे?"

त्यानंतर तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ त्याचा एसएमएस माझ्याकडे यायचा. माझ्या भावाचा निरोपही त्याच्याच फोनवरून.

मला यातून समजलं ते एवढंच. त्या ग्रुपने झाड उचललं नाही, वीज आणली नाही. पाणी वॉचमन दादांनी काढलं, कुंडी आणि मुडी बौदींनी दिली. पण लांबच्या माणसांनी मला पुढचं एक काम सांगितलं, आणि रोज दोनदा माझ्या उत्तराची वाट पाहिली. आपण कितीतरी वर्षं एकमेकांशी फालतू गोष्टी बोलतो. शेवाळ, भरतकाम, जुनी नाणी, गच्चीतले टोमॅटो. त्या गप्पांमधूनच समोरचा माणूस खरं सांगतो की नाही, हे आपल्याला कळलेलं असतं. म्हणून अडचणीत त्याने "ओली वाळू घाल" म्हटलं की आपण घालतो.

तेव्हा तुमचा जो काही ग्रुप असेल, त्यात आज रात्री तीन गोष्टी करा. कोण कुठल्या गावात आहे आणि घरात कोण आजारी आहे, याची यादी करा. वादळाच्या किंवा पुराच्या वाटेबाहेरची एक व्यक्ती निरोपासाठी ठरवा. आणि चार शब्दांचा निरोप ठरवून ठेवा.

आणि कुणी तुम्हाला माशांबद्दल विचारलं, तर उत्तर द्या. मग विचारा, घरात कोण कोण आहे?