अँग्झायटी म्हणजे आवळणं

आम्ही मुंबईच्या गिरगावातून, फणसवाडीतून बोलतोय.

आमच्या चाळीतल्या एका काकूंची गेल्या पावसाळ्यात झोप उडाली. चाळ जुनी, लाकडी. पावसाचा जोर वाढला की जिना कोसळेल की काय, ही धास्ती. छाती आवळून यायची, घशाला कोरड पडायची. डॉक्टरांनी तपासलं, हृदय ठीक निघालं. कागदावर शब्द लिहिला, 'अँग्झायटी'. काकूंनी तो कागद गादीखाली लपवला. त्यांना वाटलं, आपल्याला वेड लागलं.

मग आम्ही त्या शब्दाचं मूळ शोधलं. हा इंग्रजी शब्द लॅटिनमधून, म्हणजे जुन्या रोमन लोकांच्या भाषेतून आला. तिथे 'अँगेरे' म्हणजे आवळणं, गळा दाबणं. त्यावरून 'अँक्सियस', म्हणजे काळजीनं जीव कासावीस झालेला. आपल्या ऋग्वेदात 'अंहस्' हा शब्द आहे, संकट, कोंडी या अर्थाचा. तोही याच कुळातला. आपणही म्हणतोच की, जीव गुदमरतो, घशाखाली घास उतरत नाही. शब्द परका, पण अनुभव आपल्या ओळखीचा. त्यात वेड कुठेच नाही.

याच कुळात आणखी एक शब्द आहे, 'अंजायना'. हृदयाला रक्त कमी पडलं की छाती आवळते, ते हे दुखणं. लंडनच्या डॉक्टर विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली त्याचं वर्णन केलं. दोन्ही शब्दांत आवळणंच आहे, आणि बाहेरून फरक सहज कळत नाही. म्हणून बाईची छाती आवळली तर "घाबरलीये नुसती" म्हणून सोडून देऊ नका. आधी तपासणी करा. कळ हातात, पाठीत किंवा जबड्यात गेली, दम लागला, घाम फुटला, मळमळलं, तर लगेच १०८ ला फोन करा.

हृदय ठीक आहे, तरी धास्ती हटत नाही? मग १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे. फोन मोफत, मराठीत बोलता येतं.

काकूंनी तो कागद बाहेर काढला आणि आमच्या बैठकीत वाचून दाखवला. ऐकून आणखी दोघी म्हणाल्या, "अगं, मलाही होतं असं."

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हिशेब झाला की एकमेकींना एवढंच विचारा, "बाई, तुझा जीव कशानं आवळतो?"