गळाचा उलटा काटा

पाण्यात गळ टाकून तासन्‌तास बसलेला मनुष्य आळशी असावा, अशी पाहणाऱ्याची सहज समजूत होते. परंतु त्याच्या दोरीच्या टोकाशी जे लहानसे वाकडे हत्यार असते, त्याच्या घडणीमागे हजारो वर्षांचा विचार आहे.

गळाचा एक जुना प्रकार तर वाकडाही नव्हता. हाडाची किंवा लाकडाची, दोन्ही टोकांना अणकुचीदार केलेली काडी मध्यावर दोरीने बांधीत आणि आमिषात दडवीत. मासा ती उभी गिळी. दोरी ओढताच काडी आडवी होई व घशात अडके. आकड्यासारखा वाकडा गळही अतिप्राचीनच आहे. जपानच्या ओकिनावा बेटावरील साकितारी गुहेत शंख घासून केलेले गळ मिळाले. ते सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे आहेत.

पण मासा गळाला लागला म्हणजे काम संपले असे नाही. दोरी क्षणभर सैल पडली की गुळगुळीत गळ तोंडातून निसटतो. या अडचणीवरचा उपाय म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मोहेंजोदडो येथील तांब्या-काशाच्या गळांना असा काटा आढळतो. शिवाय दोरी बांधण्यासाठी दांड्याचे वरचे टोक वळवून नेढेही केलेले आहे. दोरी केव्हाच कुजून गेली. नेढे मात्र तिची साक्ष देत राहिले.

इंग्लंडात १४९६ साली छापलेल्या मासेमारीवरील एका प्रबंधात सुईपासून गळ करण्याची रीत दिली आहे. सुई तापवून मऊ करावी, चाकूने काटा उचलावा, मग ती वाकवावी आणि शेवटी पुन्हा तापवून पाण्यात बुडवावी, म्हणजे ती कठीण होते. पुढे रेडिच या गावी सुया आणि गळ यांचे धंदे शेजारी-शेजारी वाढले, ते उगीच नव्हे. १८७७ साली नॉर्वेतील मुस्ताद कारखान्यात मथियास टॉप याने गळ करणारे यंत्र रचले आणि हाताचे हे कसब यंत्राकडे गेले.

आज छंद म्हणून मासे धरणारे पुष्कळ लोक हा काटा चिमट्याने दाबून सपाट करतात. हेतू हा की, माशाला फारशी इजा न होता तो पुन्हा पाण्यात सोडता यावा. भुकेने जो काटा घडविला, तो पोट भरलेला मनुष्य आपण होऊन मोडतो, हे चांगलेच आहे. मात्र ज्याच्या घरची चूल आजच्या माशावर अवलंबून असते, त्याला तो काटा अजूनही हवाच असतो.