प्राग शहरांतील भूमिगत संगीत

‘भूमिगत’ हा शब्द मराठी कानांना १९४२ सालापासून परिचित आहे. त्या सालीं ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मुंबईंत उषा मेहता व त्यांचे सोबती जागा बदलीत बदलीत काँग्रेस रेडिओ चालवीत होते, आणि पोलीस त्या आवाजाचा माग काढीत होते. तेथें जें बोललें जाई तें उघडउघड राजकीय होतें. सरकार त्याच्या मागें लागलें यांत नवल नाहीं. परंतु ज्या गाण्यांत राज्य उलथण्याची भाषा नाहीं, कोणा पुढाऱ्याची निंदा नाहीं, अशा गाण्यांवरहि लपण्याची पाळी यावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. चेकोस्लोव्हाकियाची राजधानी प्राग येथें ती घडली, आणि तिच्या साक्षी अशा कांहीं ध्वनिमुद्रिका आज कोणालाहि ऐकावयास मिळतात.

१९६८ च्या ऑगस्टांत सोव्हिएट युनियन व त्याचीं मित्रराष्ट्रें यांचे रणगाडे प्रागमध्यें शिरले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मिलान ह्लाव्सा या सतरा वर्षांच्या मुलानें कांहीं सोबती जमवून एक बँड काढला. खाटकाच्या हाताखालीं उमेदवारी केलेला हा मुलगा; संगीताची शाळा त्यानें पाहिलेली नव्हती. बँडचें नांव ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’. अमेरिकेंतील फ्रँक झापा याच्या एका गाण्यावरून तें घेतलें होतें. न्यूयॉर्कच्या ‘व्हेल्वेट अंडरग्राउंड’ या मंडळींच्या गाण्यांचाहि त्यांना मोठा नाद. लौकरच इव्हान यिरोउस नांवाचे कलेतिहासाचे अभ्यासक त्यांना येऊन मिळाले. ते स्वतः वाद्य वाजवीत नसत. परंतु या मंडळींना दिशा दिली ती त्यांनीं.

त्या देशांत मोबदला घेऊन वाजवावयाचें तर सरकारी परवाना लागे. १९७० सालीं तो गेला, आणि त्याबरोबर सरकारी मालकीचीं वाद्येंहि गेलीं. यिरोउस यांनीं एक युक्ति काढली. कलेतिहासकार या नात्यानें त्यांना व्याख्यानें देतां येत. त्यांनीं अँडी वॉरहॉल या चित्रकारावर व्याख्यान ठेवावें, थोडा वेळ चित्रें दाखवावीं, आणि मग ‘उदाहरणादाखल’ बँडनें गाण्यांमागून गाणीं वाजवावीं. आपल्याकडील कीर्तनांत निरूपणापेक्षां पदेंच अधिक व्हावींत, तसा हा प्रकार. अर्थात् तो फार दिवस चालला नाहीं.

या काळापर्यंत त्यांचीं गाणीं पुष्कळशीं इंग्रजींतलीं आणि उसनीं असत. व्रातिस्लाव ब्राबेनेत्स हा सॅक्सोफोनवादक आला तेव्हां त्यानें आग्रह धरला कीं, वाजवावयाचें तें स्वतःचें आणि चेक भाषेंतलें. त्यांतून पहिली खरी ध्वनिमुद्रिका निघाली: ‘एगोन बोंडीज हॅपी हार्ट्स क्लब बॅन्ड’. हें नांव म्हणजे बीटल्सच्या १९६७ मधील प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेच्या नांवाची थट्टा आहे. ‘बँड’ या शब्दाच्या जागीं ‘बंदी घातलेला’ या अर्थाचा जवळजवळ त्याच उच्चाराचा शब्द घातला आहे. हें ध्वनिमुद्रण १९७३-७४ च्या सुमारास होउस्का या जुन्या किल्ल्यांत झालें. एगोन बोंडी हें कवि झ्बिन्येक फिशर यांचें टोपणनांव. त्यांच्या कविता छापण्यास मनाई होती. बरें, त्या कवितांत काय होतें? एक तर चक्क बद्धकोष्ठावर आहे! रोजच्या जिण्यांतला कंटाळा, आणि त्यावर कोरडें हंसूं. क्रांतीचा उद्‌घोष शोधणाराच्या हातीं येथें कांहींच लागणार नाहीं.

हें संगीत कानाला गोड नाहीं, हें आधींच सांगितलेलें बरें. ख्यालाचा विस्तार ऐकून तयार झालेल्या कानाला तर तें प्रथम ओबडधोबडच वाटेल. ह्लाव्साची बेस गिटार तीच एक जड चाल पुनःपुन्हा घोळवीत राहते. तीवर व्हायोला करवतीसारखी फिरते. सॅक्सोफोन मध्येंच किंचाळतो, मध्येंच पुटपुटतो. शब्द गाइले जात नाहींत, जवळजवळ बोललेच जातात. मात्र दोन-तीन वेळां ऐकलें म्हणजे त्या एकाच चालीच्या घोळण्यांत एक प्रकारची धुंदी आहे हें ध्यानीं येतें. गुळगुळीत सरकारी गाणीं ज्यांच्या कानांवर अष्टौप्रहर आदळत होतीं, त्यांना या खरखरीत आवाजांत आपलें स्वतःचें जगणें ऐकूं आलें असेल तर आश्चर्य नाहीं.

या बोंडींच्या संबंधांत एक गोष्ट झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. हेच गृहस्थ गुप्त पोलिसांना माहिती पुरवीत असत, असें पुढें उघड झालेल्या सरकारी दप्तरांवरून दिसून आलें. कविता त्यामुळें खोट्या ठरत नाहींत. ऐकणाराच्या मनांत एक खडा मात्र राहून जातो.

पोलिसांची दृष्टि वक्र होत चालली होती. ३० मार्च १९७४ रोजीं चेस्के बुडेयोविट्से या गांवाजवळ रुडोल्फोव येथें जलसा ठरला होता. प्रागहून आलेल्या तरुणांना पोलिसांनीं स्टेशनच्या बोगद्यांत गांठून झोडपलें आणि परतीच्या गाडींत कोंबलें. मार्च १९७६ मध्यें बँडची व त्यांच्या स्नेह्यांची धरपकड झाली. सप्टेंबरांत चौघांवर खटला चालला. आरोप राजद्रोहाचा नव्हे, तर दांडगाईचा! यिरोउस यांना अठरा महिने, पावेल झायीचेक यांना बारा, आणि ब्राबेनेत्स व धर्मोपदेशक स्वातोप्लुक कारासेक यांना प्रत्येकीं आठ महिने शिक्षा झाली.

लांब केंसांच्या चार गवयांना शिक्षा झाली, एवढ्यावर हें प्रकरण मिटेल असा सरकारचा अंदाज असावा. परंतु नाटककार वाक्लाव हावेल यांना त्याचा खरा अर्थ उमगला. ज्यांनीं सरकाराकडे कांहींच मागितलें नाहीं, केवळ आपल्या रीतीनें वाजवूं द्या एवढीच ज्यांची इच्छा, त्यांनाहि जर सोडलें जात नाहीं, तर मग कोणीच सुरक्षित नाहीं! या खटल्याच्या निमित्तानें निरनिराळ्या मतांचे लोक एकत्र आले आणि जानेवारी १९७७ मध्यें ‘सनद ७७’ हें नागरिक हक्कांचें पत्रक निघालें. त्याचे एक प्रवक्ते, तत्त्वज्ञ यान पाटोच्का, हे लांबलेल्या पोलीस-चौकशांनंतर त्याच मार्चमध्यें मरण पावले. एका बँडच्या सॅक्सोफोनची किंमत कोठवर जाऊन पोंचली, तें यावरून दिसेल.

बोंडींच्या कवितांची ध्वनिमुद्रिका अखेर १९७८ सालीं फ्रान्समध्यें निघाली. त्याच वर्षीं हावेल यांच्या ह्राडेचेक येथील खेड्यांतल्या घरीं दुसरी तयार झाली. तिचें नांव ‘पाशियोवे हरी वेलिकोनोच्नी’, म्हणजे ईस्टरचें दुःखभोगनाट्य. येशूच्या अखेरच्या दिवसांची ही कथा ब्राबेनेत्स यांनीं बायबलावरून रचली. नुकताच तुरुंगांतून आलेला माणूस आरोपी, न्यायाधीश आणि जमाव यांची कथा सांगतो, तेव्हां तीस निराळी टीका लागत नाहीं. पहिल्या ध्वनिमुद्रिकेंतला खट्याळपणा येथें नाहीं. संगीत अधिक गंभीर, अधिक बांधेसूद आहे. या मंडळींचें सर्वोत्तम काम हेंच म्हटलें पाहिजे. १९७७ मध्यें देशाबाहेर घालविलेले पॉल विल्सन हे त्यांचे जुने कॅनेडियन गायक. त्यांनीं ती १९८० सालीं कॅनडांत प्रसिद्ध केली. १९८१ मधील ‘घोडे हांकणें म्हणजे काय’ या अर्थाच्या नांवाची ध्वनिमुद्रिकाहि अशीच परदेशीं निघाली. पुढच्याच वर्षीं छळाला कंटाळून ब्राबेनेत्स यांनीं देश सोडला.

बँड १९८८ मध्यें फुटला. १९८९ च्या डिसेंबरांत हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. सनदेच्या विसाव्या वर्षीं, १९९७ मध्यें, जुनी मंडळी पुनः एकत्र वाजवूं लागली. ह्लाव्सा २००१ च्या जानेवारींत वारला, यिरोउस २०११ मध्यें.

नव्या श्रोत्यानें आरंभ ‘मागित्स्के नोत्सी’, म्हणजे ‘जादूच्या रात्री’, या पहिल्या ध्वनिमुद्रिकेंतील गाण्यानें करावा. चेक भाषा कळत नाहीं याची खंत बाळगूं नये. त्यानंतर ईस्टरचें नाट्य मात्र तुकड्यातुकड्यांनीं न ऐकतां एका बैठकींत, आणि शक्य तर रात्रीं, ऐकावें.