१४ ऑगस्टचा हिशेब



तारापूरला १९६९ साली अणूपासून वीज निघाली. देशभक्ती मोजण्याचे यंत्र मात्र अजून कुठल्याच शास्त्रज्ञाला साधलेले नाही. तरी क्रिकेटचा सामना असला की कोणीतरी ते घेऊन आमच्या मुलांपुढे उभा राहतोच!

आता गंमत पाहा. १४ ऑगस्टला पालघरची बाजारपेठ बंद असते. १९४२ साली त्या दिवशी कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला. काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामचंद्र तिवारी, रामचंद्र चुरी आणि सुकुर मोरे हुतात्मा झाले. पुढे १९४७ साली हीच तारीख पाकिस्तानच्या वाट्याला गेली. म्हणून काही पालघरने आपला दिवस बदलला नाही. यंत्रवाल्यांनी तारखेवरून माणूस ओळखायचे ठरवले, तर सारे पालघरच संशयित ठरेल.

ब्रिगेडियर महंमद उस्मान फाळणीनंतर भारतीय सैन्यातच राहिले आणि ३ जुलै १९४८ रोजी झांगरला कामी आले. १९६५ साली खेमकरणला अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने रणगाडे फोडले. ही दोन नावे आपण परवान्यासारखी खिशात बाळगतो. मीही आत्ता तेच केले म्हणा! पण त्यांनी जीव दिला तो आमच्यासाठी दाखला म्हणून नव्हे.

आणि आपणही काही कमी नाही. जगात कुठे लढाई पेटली की नमाजनंतर मशिदीबाहेर तिचा निकाल आपण लावून मोकळे होतो. मुलीच्या दहावीच्या फॉर्मची मुदत मात्र त्याच आठवड्यात निघून जाते, आणि तिचा बाप म्हणतो, सर, पुढच्या वर्षी बघू.