गाऱ्हाणं कोण ऐकतं?

श्रद्धेचे मानसिक आणि सामाजिक लाभ हा आजचा विषय. देव आहे की नाही, या वादात मी शिरणार नाही. मालवणात उभं राहून मला बोलायचंय ते गाऱ्हाण्याबद्दल.

गाऱ्हाणं आपण लहानपणापासून ऐकत आलो. देवासमोर नारळ, विडा ठेवलेला असतो. गावकर हात जोडून मोठ्यानं बोलू लागतो. अमक्याच्या घरात दुखणं शिरलंय, ते दूर कर. तमक्याचो झील मुंबयक गेलो हा, तेका नोकरी गावांदे. काय चुकलं-माकलं असेल तर पदरात घे. आणि प्रत्येक मागण्यामागून सगळे एका आवाजात म्हणतात, "होय म्हाराजा!"

या घडीला काय होतं ते नीट पाहा. ते दुखणं त्या घरानं आतापर्यंत दार लावून सोसलेलं असतं. शेजारी बोलायला संकोच, पाहुण्यांत बोलायला अभिमान आड येतो. गाऱ्हाण्यात तेच दुःख चारचौघांत निघतं आणि कुणाची मान खाली जात नाही, कारण ते देवाला सांगितलेलं असतं. पण ऐकतो सगळा गाव. कुणाच्या घरी काय चाललंय हे एकदा कळलं की विचारपूस सुरू होते, डॉक्टरकडे न्यायला कुणी तरी गाडी काढतो. माझ्या मते श्रद्धेचा सगळ्यांत मोठा लाभ हाच आहे.

अभ्यासकही याच्या जवळपास पोहोचले आहेत. अमेरिकेत 74,534 परिचारिकांची सोळा वर्षांची माहिती तपासून 2016 साली एक संशोधन प्रसिद्ध झालं. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा प्रार्थनासभेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, त्या काळातला मृत्यूचा धोका 33 टक्क्यांनी कमी आढळला. 2010 साली लिम आणि पुटनम यांनी तर स्पष्टच दाखवलं की प्रार्थनासभेला जाणारे अधिक समाधानी असतात ते मुख्यतः तिथे जोडलेल्या मित्रांमुळे. आपल्या आचरा गावच्या माणसाला हे नव्यानं सांगायला नको. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की गावपळणीत अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जातो. गुरं, कोंबड्या, म्हातारीकोतारी, सगळ्यांसकट. राहुट्यांत शेजारी शेजारी चुली पेटतात. वर्षभर बांधावरून अबोला असलेली दोन घरं तिथे एकाच विहिरीवर पाणी भरतात.

एकट्या माणसाच्या मनालाही श्रद्धेचा आधार असतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की हा अभ्यासक पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला. किनाऱ्याजवळच्या शांत पाण्यात मासे धरताना तिथले लोक कसलाही विधी करत नसत, खुल्या समुद्रात जाताना मात्र मोठे विधी करत. आपल्या दर्याचंही तेच आहे. यांत्रिक मासेमारीची सरकारी बंदी 31 जुलैला संपते, तरी नारळी पौर्णिमेला सागराला नारळ दिल्यावरच होडी लोटणारे आजही आहेत. ते अडाणी नाहीत. इंजिन तपासलेलं असतं, हवामान खात्याचा इशारा वाचलेला असतो. एवढं करूनही जी धास्ती उरते, ती उरात घेऊन रात्री जाळं टाकता येत नाही. घरी वाट पाहणाऱ्या बाईलाही ती रात्र काढायची असते.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवणं हा अप्रामाणिकपणा होईल. ज्या गावांत "होय म्हाराजा" उठतं, त्याच गावांत मानपानावरून भाऊबंद कोर्टात जातात. कुणाला वाळीत टाकण्याचे प्रकार थांबवायला महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. समाजात असण्याचा जो लाभ आहे, तो ज्याच्यापासून काढून घेतला त्याचं नुकसानही तेवढंच मोठं. शिवाय श्रद्धा कशी आहे यालाही महत्त्व आहे. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या सुमारे सहाशे वृद्धांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. देवानं आपल्याला टाकलं, शिक्षा केली, असं ज्यांच्या मनात घर करून होतं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. म्हणून आजाऱ्याला "देव कोपलो" असं सांगणाऱ्या माणसाला मी श्रद्धाळू म्हणत नाही. तो आजाऱ्याच्या दुखण्यात भर घालतो.

देवस्थानच्या मानकऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. गाऱ्हाण्यात ज्यांचं नाव कधीच येत नाही, ती विधवा, तो कर्जात बुडालेला रापणकार मच्छीमार, तो दारूत अडकलेला पोरगा, त्यांचंही नाव येऊ द्या. आणि कुणाच्या मनाचं दुखणं असेल तर गाऱ्हाण्याबरोबर उपचारही होऊ देत. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक 14416 आहे, तो चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. देवळाच्या फलकावर जत्रेच्या तारखेखाली तो लिहून ठेवा.